आधी माणूस ओळखावा, मग बटण दाबावे

आपल्या घरांतल्या भिंतींवर वडीलधाऱ्यांचे जे फोटो लावलेले असतात, ते एकदा जवळ जाऊन पाहावेत. आजोबांच्या खांद्यामागे कुणाचा तरी अर्धा हात दिसतो. आजीच्या कानाजवळ मांडवाच्या झालरीचा तुकडा दिसतो. म्हणजे तो फोटो त्यांचा म्हणून काढलेलाच नसतो. कुणाच्या तरी लग्नातल्या फोटोतून तेवढा चेहरा कापून मोठा केलेला असतो. काही घरांत तर ओळखपत्रावरचा बोटभर फोटो वाढवून चौकटीत बसवलेला असतो. माणूस सत्तर वर्षे जगला, राबला, त्याने मुले शिकवली, आणि त्याचा एक धड फोटो निघाला नाही.

खेळाडूंची गत याहून वेगळी नाही. ढाल पुढे ठेवून रांगेत उभ्या राहिलेल्या संघाचा फोटो मंडळाच्या खोलीत असतो. पण ज्या चढाईने ती ढाल मिळाली, ती चढाई कुठेच नसते. पालवणकर बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले, हे आपण अभिमानाने सांगतो. आकडा राहिला. चेंडू सोडताना त्यांचा हात कसा वळत होता, हे मात्र आकड्यातून दिसत नाही.

वाचकहो, या दोन गोष्टींसाठी, म्हणजे खेळाच्या आणि चेहऱ्याच्या फोटोसाठी, आम्ही पस्तीस वर्षे खर्च केली आहेत. आम्ही म्हणजे नवरा-बायको. एकजण रेल्वेत नोकरीला होते, दुसरी शाळेत शिक्षिका होती. फोटोग्राफी हा आमचा धंदा कधीच नव्हता. कल्याणच्या आमच्या वस्तीत, विहाराच्या पटांगणात, शाळांच्या मैदानांवर आणि नातेवाइकांच्या ओट्यांवर आम्ही ही कला शिकलो. जे शिकलो ते घराघरांतल्या मुलामुलींच्या उपयोगी पडावे, एवढ्यासाठी हा लेख.

छत्तीस फोटोंची शाळा

१९८९ साली आम्ही मुंबईत बोरीबंदरजवळच्या एका दुकानातून जुना पेंटॅक्स के-१००० कॅमेरा घेतला. त्यात आपोआप असे काहीच नव्हते. फोकस हाताने लावायचा, शटरचा वेग हाताने ठरवायचा, भिंगाचे तोंड किती उघडायचे तेही हातानेच. बॅटरी लागायची ती फक्त उजेड मोजणाऱ्या काट्याला. असा कॅमेरा शिकणाऱ्याला फार चांगला, कारण तो प्रत्येक फोटोआधी तीन प्रश्न विचारतो. उजेड किती आहे? समोरचे किती वेगाने हलते आहे? आणि फोटोत स्पष्ट काय दिसायला हवे?

एका रोलमध्ये छत्तीस फोटो. दोघांच्या पगारात घर चालवून महिन्याला एक रोल परवडायचा. म्हणून आम्ही एक शंभर पानी वही केली. फोटोचा क्रमांक, वेळ, ऊन की सावली, शटर, भिंगाचे तोंड आणि माणसापासूनचे अंतर असे सहा रकाने पाडले. रोल धुऊन आला की एकेक निगेटिव्ह खिडकीशी धरून वहीशी ताडून पाहायचो. सहा महिन्यांत काट्याकडे न पाहताही उजेडाचा अंदाज येऊ लागला. लख्ख उन्हात शंभरच्या फिल्मला भिंगाचे तोंड १६ वर आणि शटर १/१२५ वर ठेवले की फोटो ठीक येतो, हा छायाचित्रकारांचा जुना ठोकताळा आम्ही पाढ्यासारखा पाठ केला.

कृष्णधवल फोटो आम्ही घरीच छापायला शिकलो. रात्री मुले झोपली की मोरीच्या दाराला गोधडी लावायची, लाल दिवा पेटवायचा आणि तीन थाळ्या मांडायच्या. त्या काळी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याचा इंदू कागद मिळत असे. पांढऱ्या कागदावर पाण्याखाली हळूहळू डोळे, नाक, ओठ उमटताना पाहणे हा एक विलक्षण आनंद होता. त्या मोरीत आम्ही एक गोष्ट पक्की शिकलो. चेहऱ्यातला काळा, करडा आणि उजळ भाग किती राखायचा, हे फोटो काढणारा आणि छापणारा ठरवतो. या गोष्टीकडे आपण पुढे येऊ.

मैदानावर बसावे कुठे?

आमच्याकडे चौदा एप्रिलच्या निमित्ताने कबड्डीचे सामने होत. खेळाचे फोटो आम्ही तिथेच शिकलो. नवा माणूस कॅमेरा घेऊन आला की तो गर्दीबरोबर मध्यरेषेजवळ उभा राहतो, आणि चढाई करणारा गडी जिकडे धावेल तिकडे कॅमेरा फिरवतो. मग फोटोत पाठी येतात, पुसट पाय येतात, पंचांची शिट्टी येते. चेहरा येत नाही.

आम्ही आधी सामने नुसते पाहिले. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. मध्यरेषेपासून निदानरेषा पावणेचार मीटरवर, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. चढाईला ३० सेकंद. हे आकडे खेळाडूला जितके ठाऊक हवेत, तितकेच फोटो काढणाऱ्यालाही. कारण गडी कुठे जाणार हे त्या रेषा आधीच सांगतात. बोनस घ्यायचा तर त्याचा पाय बोनस रेषेवर जाणारच. मग धावत्या माणसामागे फोकस फिरवत कशाला बसायचे? बोनस रेषेवर फोकस लावून ठेवावा आणि पाय तिथे येण्याची वाट पाहावी.

बसायची जागा आम्हांला एका जुन्या खेळाडूने दाखवली. त्या काकांनी स्वतः वीस वर्षे डाव्या कोपऱ्यात पकडी केल्या होत्या. ते म्हणाले, ‘‘अंतिम रेषेच्या मागं कोपऱ्यात बसा. इकडचा गडी तिकडं गेला तर सुटून येताना तुमच्याकडं तोंड करून येईल. तिकडचा इकडं आला तर येतानाच तुमच्याकडं तोंड असेल.’’ खरेच, एका कोपऱ्यातून दोन्ही संघांचे चेहरे मिळतात. एकाचा हल्ल्याचा, दुसऱ्याचा सुटकेचा. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, तेव्हा हिशेब आपोआप उलटा होतो. आपण जागचे हलायची गरज नाही.

बसायचे ते गुडघ्यावर किंवा मांडी घालून. उभ्याने घेतलेल्या फोटोत खेळाडू जमिनीला चिकटल्यासारखा दिसतो. खालून घेतला तर त्याची उडी आभाळात दिसते, आणि मागचे जाहिरातींचे फलक व खुर्च्याही बऱ्याच अंशी झाकल्या जातात.

दिवसाच्या सामन्याला १/५०० चा वेग लावला की हात-पाय बऱ्यापैकी स्थिर मिळतात. धुळीचे कण हवेत थांबलेले हवे असतील तर १/१०००. पण आपले सामने व्हायचे रात्री, दोन-चार हॅलोजनच्या उजेडात. चारशेची फिल्म सोळाशेची समजून वापरायची आणि धुताना जास्त वेळ धुवायची, असा उपाय होता. दाणे दिसत, पण फोटो मिळे. तरीही १/१२५ च्या वर वेग मिळत नसे. अशा वेळी खेळातलाच थांबा शोधावा लागतो. प्रत्येक वेगवान हालचालीत एक क्षण असा असतो की शरीर जवळजवळ थांबते. उडीच्या टोकाला वर जाणे संपलेले असते आणि खाली येणे सुरू व्हायचे असते. पाच जणांनी धरलेला गडी मध्यरेषेकडे हात ताणतो, तेव्हा सगळे बळ एकमेकांना अडवून धरते आणि क्षणभर कुणीच हलत नाही. तो क्षण कमी उजेडातही स्पष्ट येतो. आणि योगायोग असा की सामन्याचा सारा ताण त्याच क्षणात असतो.

खो-खोत तर नियमच वाट दाखवतो. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत त्याला मागे वळता येत नाही. म्हणून पळणारा शहाणा गडी खांबाकडे जातो, आणि त्याच्यामागून आक्रमक सूर मारतो. खांबाच्या अलीकडे हातभर जागेवर फोकस लावून ठेवलेला माणूस कधी रिकाम्या हाताने परत येत नाही. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या पुरुष व महिला दोन्ही संघांनी तो जिंकला. ते सामने टीव्हीवर पाहतानाही आमची नजर सवयीने खांबाकडेच जात होती.

जागेचे महत्त्व सांगणारे एक जगप्रसिद्ध उदाहरण आहे. २५ मे १९६५ रोजी अमेरिकेतल्या लुईस्टन गावी महंमद अलीने सनी लिस्टनला पहिल्याच फेरीत खाली पाडले. पडलेल्या लिस्टनवर ओरडणाऱ्या अलीचा तो फोटो नील लायफर या २२ वर्षांच्या तरुणाने काढला. त्याच फोटोत अलीच्या पायांमधून पलीकडे बसलेला एक ज्येष्ठ छायाचित्रकार दिसतो. तो लायफरपेक्षा अनुभवी होता. पण त्या क्षणी त्याच्यासमोर अलीची पाठ होती. खेळात दैवाचा वाटा असतो, हे खरे. पण दैव ज्या जागी येण्याचा संभव अधिक, तिथे आधीपासून तयार बसणे आपल्या हातात असते.

मुलींचे सामने

मुलींच्या सामन्यांबद्दल वेगळे सांगितले पाहिजे. १९९४-९५ च्या सुमारास आमच्या शाळेतल्या मुली कबड्डी खेळू लागल्या, तेव्हा काही पालकांची हरकत खेळाला नव्हती, फोटोला होती. ‘‘बाई, पोरगी खेळू दे, पण चड्डीतला फोटो कुणाच्या हाती पडायला नको,’’ असे एका आईने सांगितले. तिला मागासलेली म्हणून उडवून लावणे सोपे होते. पण तिची भीती खोटी नव्हती. मैदानाच्या कडेला उभे राहून नको त्या नजरेने पाहणारे आणि फोटो काढणारे आम्हीही पाहिले होते.

तेव्हा आम्ही काही नियम ठरवले आणि ते आजही पाळतो. मागून आणि खालून मुलींचे फोटो घ्यायचे नाहीत. झटापटीत कपडे अस्ताव्यस्त झाले असतील तर तो फोटो छापायचा नाही, कितीही चांगला असला तरी. छापलेला फोटो आधी त्या मुलीला दाखवायचा, मग तिच्या घरच्यांना. तिने नको म्हटले तर निगेटिव्ह तिच्या हातात द्यायची. आज मोबाईलवरून एक फोटो पाच मिनिटांत शंभर घरी जातो. म्हणून हा नियम पूर्वीपेक्षा अधिक गरजेचा झाला आहे.

या नियमांनी आमचे फोटो सुधारलेच. काय घ्यायचे नाही हे ठरल्यावर काय घ्यायचे ते नीट दिसू लागले. पकड घालण्याआधी एकमेकींच्या हातात हात गुंफलेली साखळी, चढाईला निघताना मध्यरेषेवर हात टेकवून जमिनीला नमस्कार करणारी मुलगी, आणि गडी बाद झाल्यावर सात जणींच्या तोंडून एकदम निघणारी आरोळी. त्याच हरकत घेणाऱ्या आईने मुलीचा चढाईचा फोटो पुढे आरशाशेजारी लावला. मुलगी आज एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे.

चेहऱ्यासमोर बसताना

आता चेहऱ्याचा फोटो. खेळाडूला आपले भान नसते, तो खेळात असतो. कॅमेऱ्यासमोर बसलेल्या माणसाला मात्र स्वतःचेच भान फार असते. म्हणून इथे तंत्र थोडे आणि वागणूक जास्त.

तंत्रापुरते सांगायचे तर चारच गोष्टी. पहिली, फार जवळ जाऊ नये. दोन हातांवरून फोटो घेतला तर नाक मोठे आणि कान लहान दिसतात. पाच-सहा फूट लांब बसावे आणि लांबचे जवळ आणणारे भिंग वापरावे. आम्ही १३५ एमएमचे वापरतो. मोबाईल असेल तर मागे सरकावे आणि दोनपटीची खूण दाबावी. दुसरी, दुपारचे डोक्यावरचे ऊन टाळावे, त्याने डोळ्यांच्या खोबणीत अंधार भरतो. दाराच्या आत हातभर अंतरावर माणसाला बसवावे, तोंड उजेडाकडे करावे. आपल्या घरांना मोठ्या खिडक्या नसल्या तरी दार असतेच, आणि दाराचा उजेड कुठल्याही स्टुडिओच्या दिव्यापेक्षा मऊ असतो. तिसरी, फोकस डोळ्यांवर लावावा, जवळच्या डोळ्यावर. चौथी, मागे काय आहे ते पाहावे. डोक्यातून खांब उगवू देऊ नये.

आता वागणुकीचे. आपल्याकडे म्हातारी माणसे कॅमेरा दिसला की ताठ उभी राहतात. हात सरळ, ओठ मिटलेले, नजर समोर. तरुण पोरे म्हणतात, ‘‘आजी, हसा ना जरा!’’ आजी हसत नाही, किंवा ओढूनताणून हसते. आम्ही या ताठपणाचा विचार केला. या माणसांच्या आयुष्यात फोटो म्हणजे क्वचित येणारा, खर्चाचा आणि गंभीर प्रसंग होता. चांगले लुगडे नेसून, पदर डोक्यावरून घेऊन, आपण कुणीतरी आहोत या भावनेने ती उभी राहतात. ज्यांना आयुष्यभर वाकायला लावले गेले, त्यांनी फोटोपुरते तरी ताठ उभे राहणे हा त्यांचा मान आहे. तो मोडायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

म्हणून आम्ही नेहमी दोन फोटो काढतो. पहिला त्यांना हवा तसा, ताठ. तो काढून झाला की त्यांना वाटते काम संपले. मग चहा येतो, गप्पा निघतात. ‘‘तुम्ही गिरणीत कोणत्या खात्यात होता?’’ असे विचारले की मामांचे हात आपोआप हवेत धागा जोडू लागतात. दुसरा फोटो तेव्हा निघतो. घरच्यांना दोन्ही देतो. गंमत अशी की म्हातारी माणसे स्वतःसाठी पहिला निवडतात आणि त्यांची मुले दुसरा.

गॉर्डन पार्क्स हे काळे अमेरिकन छायाचित्रकार. गहाणवटीच्या दुकानातला जुना कॅमेरा घेऊन ते स्वतःच शिकले. १९४२ साली वॉशिंग्टनच्या एका सरकारी इमारतीत झाडलोट करणाऱ्या एला वॉटसन या बाईंचा त्यांनी फोटो काढला. मागे अमेरिकेचा झेंडा, एका बाजूला झाडू, दुसऱ्या बाजूला मॉप, आणि मधे ताठ उभी असलेली ती बाई. फोटो जगभर गाजला. पण पार्क्स तेवढ्यावर थांबले नाहीत. पुढचे काही आठवडे ते त्यांच्या घरी गेले, नातवंडांत बसले, त्यांच्या प्रार्थनास्थळी गेले, आणि फोटो काढत राहिले. पुढे १९६६ मध्ये याच पार्क्सनी ‘लाईफ’ मासिकासाठी महंमद अलीचेही फोटो काढले. खेळाडू असो की झाडूवाली, आधी ओळख आणि मग कॅमेरा ही त्यांची रीत होती.

आपल्याकडे सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो याच रीतीने काढले. कामगारांच्या कामावर, त्यांच्या घरांत, त्यांच्या सोबत राहून. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. होमाई व्यारावाला या तर देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, त्यांना २०११ साली पद्मविभूषण मिळाले. आपल्या मुलींना कॅमेरा हाती देताना ही नावे जरूर सांगावीत.

रंग आहे तसा येऊ द्यावा

आता सगळ्यात महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो.

कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा काटा समोरच्या सगळ्याची सरासरी काढतो आणि ते सगळे मध्यम करडे आहे असे धरून चालतो. सावळी आजी पांढऱ्या साडीत विहारात बसली आहे, मागे पांढरी भिंत आहे. काट्याला वाटते उजेड फार झाला. तो कमी उजेड घ्यायला सांगतो. साडी करडी होते आणि आजीचा चेहरा काळा ठिक्कर पडतो, डोळेसुद्धा दिसत नाहीत. लोक म्हणतात, ‘‘आजी काळीच आहे, फोटो काय करणार?’’ दोष आजीच्या रंगाचा नसतो. यंत्राला जे सांगितले गेले त्याचा असतो.

उपाय साधा आहे. उजेड चेहऱ्याजवळ जाऊन मोजावा, साडीवरून आणि भिंतीवरून नाही. पांढऱ्या कपड्यांतल्या सावळ्या माणसाला काट्याच्या सांगण्यापेक्षा एक स्टॉप उजेड जास्त द्यावा. मांडीवर पांढरी चादर किंवा वर्तमानपत्र पसरावे, म्हणजे खालून उजेड हनुवटीवर आणि डोळ्यांत जातो. सावळ्या त्वचेवर बाजूने उजेड पडला की गालाच्या हाडावर, कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर जी झळाळी येते, ती गोऱ्या चेहऱ्यावर तशी येत नाही. मोबाईलवर चेहऱ्याला बोट लावून ठेवले की तो चेहऱ्याप्रमाणे उजेड घेतो, एवढे मुलांना सांगावे.

हा पक्षपात नुसता काट्याचा नव्हता. कोडॅक कंपनी रंगीत फोटो छापणाऱ्या प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी एक नमुना कार्ड देत असे. त्यावर गोऱ्या बाईचा फोटो असे. शर्ली कार्ड हे त्याचे नाव. कितीतरी वर्षे जगभरचे रंग त्या एका गोऱ्या कातडीशी जुळवले गेले. सावळ्या माणसांचे चेहरे त्यात नीट येत नसत, यात नवल ते काय? आपल्या गावातल्या स्टुडिओत पावडरचा डबा आणि आरसा ठेवलेला असे. फोटोआधी पावडर आणि नंतर पेन्सिलीचे टचिंग. एका स्टुडिओने आमच्या एका बहिणीचा फोटो इतका गोरा करून दिला, की तिच्या धाकट्या मुलाने ‘‘ही कोण?’’ म्हणून विचारले.

काही वर्षांपूर्वी एक ताई त्यांच्या मुलीला घेऊन आल्या. स्थळांना पाठवायला फोटो हवा होता. ‘‘जरा उजळ करून द्या,’’ म्हणाल्या. आम्ही आमचे म्हणणे सांगितले. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘भाऊ, वहिनी, तुमचं पटतं मला. पण फोटो बघून नकार येतो तो माझ्या पोरीला येतो, तुम्हांला नाही येत.’’ या वाक्याला आमच्याकडे उत्तर नव्हते. समाज रंग पाहतो, आपलाही समाज पाहतो, हे खरे आहे. आम्ही एवढेच केले, की दाराच्या उजेडात मुलीचे फोटो नीट, सावकाश काढले आणि ते तिच्यासमोर मांडले. तिने एक उचलला आणि आईला म्हणाली, ‘‘हा पाठव. यात मी मीच दिसते.’’ पहिल्या दोन घरांकडून उत्तर आले नाही. पुढे लग्न ठरले. ते फोटोमुळे की तिच्या शिक्षणामुळे, आम्ही सांगू शकत नाही. पण ज्या घरी ती गेली, त्यांनी तिला आहे तशी पाहूनच होकार दिला, एवढे नक्की.

आजच्या मोबाईलमध्ये तो पावडरचा डबा आतच बसवलेला आहे. ‘ब्यूटी’ नावाची खूण असते, काही मोबाईलवर ती न सांगताच चालू असते. चेहरा गुळगुळीत होतो, रंग फिका होतो, देवीचे व्रण, कपाळावरचे गोंदण, उन्हाच्या सुरकुत्या सारे पुसले जाते. ती बंद करावी. आजीचे गोंदण पुसलेला फोटो आजीचा राहत नाही.

दोन विद्या, एक अभ्यास

लोक विचारतात, खेळाचा फोटो आणि चेहऱ्याचा फोटो या दोन वेगळ्या विद्या ना? आम्हांला त्या एकमेकींना शिकवणाऱ्या वाटतात. खेळाने आम्हांला वाट पाहायला शिकवले, आणि चेहऱ्याचे फोटो काढताना तेच उपयोगी पडले. चेहऱ्यांनी आम्हांला माणूस पाहायला शिकवले, आणि मग मैदानावर गुण घेणाऱ्या गड्याइतकाच बाद होऊन बाकावर बसलेला गडीही दिसू लागला. गुडघ्याला फडके बांधून, मातीने माखलेला, पुन्हा आत जाण्याची वाट पाहणारा. लोण चढल्याच्या फोटोपेक्षा मंडळाच्या पोरांनी हाच फोटो अधिक वेळा मागून नेला.

शिकणाऱ्यांसाठी शेवटच्या चार गोष्टी. मोबाईल आणि नवे कॅमेरे सेकंदाला दहा-वीस फोटो काढतात. पण शंभरातून एक बरा निघणे म्हणजे शिकणे नव्हे. आठवड्यातून एक दिवस फक्त छत्तीसच काढावेत आणि प्रत्येकाआधी ते तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. खेळाचे फोटो काढायचे असतील तर आधी दोन सामने कॅमेरा पिशवीत ठेवून पाहावेत. काढलेले फोटो खेळाडूंनाच दाखवावेत, चूक त्यांना आधी कळते. आणि जो फोटो चांगला आला तो कागदावर छापून ज्याचा त्याला द्यावा. मागे शिसपेन्सिलीने नाव, गाव, तारीख लिहावी. मोबाईल बिघडला की त्यातले फोटो जातात, कागद पन्नास वर्षे टिकतो.

घरात ज्यांचा एकही धड फोटो नाही, अशी माणसे मोजावीत. पुष्कळदा ती आई असते, कारण ती घरातल्या कामात असते. येत्या रविवारी सकाळी तिला दाराच्या उजेडात बसवावे, घाई करू नये, तिला हवा तसा एक फोटो काढावा आणि मग तिच्याशी बोलत बसावे. दुसरा फोटो आपोआप निघेल. तो छापून आणून तिच्या हातात द्यावा. ती तो किती वेळ पाहते, तेही पाहावे.